दुधाच्या हिशेबाखाली

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या आळीतल्या दहा-बारा जणी जमलो होतो. तिळगूळ झाला, वाण लुटून झाले आणि नेहमीप्रमाणे गप्पा कामावर आल्या. एक जण म्हणाली, "मी बाई साडेपाचला उठते, त्याशिवाय डबे होतच नाहीत." दुसरी म्हणाली, "साडेपाच? माझे तर पाचलाच डोळे उघडतात." लिलावात बोली चढत जाते, तशी इथे ती उतरत चालली होती. माझी पाळी आली तेव्हा मीही ताठ मानेने सांगून टाकले, "निजायला पावणेबारा, उठायला साडेचार. मला पुरते तेवढी झोप." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

मैत्रिणींनो, त्या बैठकीत तुम्ही असतात तर तुम्हीही आपापला आकडा सांगितला असता, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे बाईच्या गुणांची यादी करायला बसले की ‘सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर पाठ टेकते’ हे वाक्य त्यात यायचेच. माझी आई तर अभिमानाने सांगायची, "सूर्यानं मला कधी अंथरुणात पाहिलेलं नाही." आम्ही मुली ते ऐकतच मोठ्या झालो. त्या कौतुकाची किंमत काय असते, ते मला वर्षभरात कळले. तुम्हालाही ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. आठवी-नववीला मराठी आणि इतिहास शिकवते. दुपारचे चार तास झाले की घरी. फेब्रुवारीत एके दिवशी तिसऱ्या तासाला फळ्यावर तारखा लिहीत होते, तो अक्षरे हलायला लागली. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. खुर्चीत बसले, मुलींनी पाणी आणून दिले, दहा मिनिटांत सावरलेही. पण मुख्याध्यापिकाबाईंनी ऐकले नाही, सरळ दवाखान्यात पाठवले.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब भरला १४६ वर ९४. थोडे बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नाही. माझे वय सदतीस. त्यांनी मिठाचे विचारले, घरात कुणाला रक्तदाब आहे का विचारले, चालणेफिरणे विचारले. मग म्हणाल्या, "झोप किती तास?"

मी हळदीकुंकवातल्याच सुरात सांगितले, "पाचएक तास. पुरते मला."

त्यांनी लिहायचे थांबवून माझ्याकडे पाहिले. "पुरते, की भागवता?"

आता पुरणे आणि भागवणे यांतला फरक संसार करणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मी गप्प बसले. त्या म्हणाल्या, "लगेच गोळी देत नाही. मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला. आणि महिनाभर रोज किती झोपलात ते लिहून ठेवा. अंदाजे नको, घड्याळ बघून."

लिहायला वेगळी वही कुठली शोधू? स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या चौकोनांत मी दुधाचा हिशेब मांडते, ‘दीड’, ‘दीड’, पाहुणे आले तर ‘दोन’. त्याच चौकोनात दुधाच्या खाली झोपेचा आकडा लिहायला लागले. पहिल्या दिवशी ‘पावणेपाच’. दुसऱ्या दिवशी ‘पाच’. तिसऱ्या दिवशी नळ यायचा नव्हता, तर ‘साडेपाच’. रविवारी ‘साडेसहा’. आठवडा झाल्यावर बेरीज केली आणि सातने भागले. सव्वापाचच्या वर काही सरासरी जाईना.

त्याच महिन्यात माझी आई आमच्याकडे आठवडाभर राहायला आली. तिच्याबद्दल आधी सांगायला हवे. तीन वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका आला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. पण त्याआधी महिना-दीड महिना ती फोनवर सारखी म्हणत होती, "हल्ली फार थकायला होतं गं. जिना चढवत नाही. आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही." मी काय म्हणाले असेन? "आई, दिवाळीचं काम झालंय तुझ्या अंगावर. चार दिवस आराम कर." फोन ठेवला आणि मी माझ्या फराळाला लागले. तिने आराम केला नाही, हे काय सांगायला हवे! झटका आला तेव्हासुद्धा छातीत कळ अशी आलीच नाही. जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, मळमळत होते. पित्त झाले म्हणून तिने ओवा चावला आणि कणीक भिजवायला बसली. दादाने वेळेवर नेले, रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, म्हणून आज ती आहे. पण तिचे ते ‘फार थकायला होतं गं’ माझ्या कानातून जात नाही.

तर ती आली. दुसऱ्याच पहाटे साडेचारला मी नळाला बादली लावली, आणि पाहते तर आई मागच्या दाराशी उभी. आवाजाने उठली असेल असे वाटून मी म्हटले, "तू नीज. मी भरते."

"रात्री किती वाजता निजलीस?"

"पावणेबारा झाले असतील."

तिने बोटांच्या पेरांवर मोजले. "पाचसुद्धा होत नाहीत," ती म्हणाली. मग थोडा वेळ नळाच्या धारेकडे बघत राहिली. "माझेही एवढेच व्हायचे."

एवढेच बोलली. दुसरी बादली उचलायला वाकली, ती मी तिच्या हातून काढून घेतली. ‘सूर्यानं मला कधी अंथरुणात पाहिलेलं नाही’ हे वाक्य मी त्यानंतर तिच्या तोंडून ऐकलेले नाही.

महिनाअखेरीला दुधाचे पैसे द्यायचे होते. हिशेब नेहमी हे करतात. दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवली, पेन्सिल घेतली आणि एकदम ओरडले, "अगं, बारा तारखेला पावणेपाच लिटर? घरात लग्नकार्य होतं की काय?"

मुले हसली, मीही हसले. म्हटले, "अहो, दूध वरचं. खालची माझी झोप आहे."

यांनी सगळा महिना वरून खाली वाचला. माणूस मनाने चांगला आहे. म्हणाले, "मग झोप की. कोण नको म्हणतंय?"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. नको कुणीच म्हणत नाही हो! पण मी साडेनऊला पाठ टेकली, तर दही कोण विरजणार, मटकी कोण भिजत घालणार, गणवेशाला इस्त्री कोण करणार, सासूबाईंची रात्रीची गोळी कोण देणार, चाळीस उत्तरपत्रिका कोण तपासणार? आणि पहाटे नळ आल्यावर कोण उठणार? झोपायची परवानगी मला केव्हाही होती. काम उचलून घ्यायला मात्र कुणी नव्हते. सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कसा घालवतो याची. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. हे तीन तासांहून जास्तीचे अंतर कुठून तरी भरून काढावे लागते, आणि बाईला कुणालाही न विचारता घेता येते ती एकच गोष्ट, तिची स्वतःची झोप.

पण सगळे बोट दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. रोजचा वेळ लिहू लागले तेव्हा एक गोष्ट मलाच चोरट्यासारखी वाटली. अकरा ते पावणेबारा मी काहीच करत नव्हते! कामे अकराला संपत. त्यानंतर मी ओट्याशी स्टूल घेऊन बसायची, मोबाईल चाळायची, मैत्रिणींचे निरोप वाचायची, एखादे गाणे ऐकायची. डोळे मिटत असायचे, तरी उठवत नसे. का? कारण दिवसभरात तेवढाच वेळ माझा. त्या पाऊण तासात ‘आई’, ‘अगं’, ‘सूनबाई’, ‘बाई’ अशी एकही हाक येत नाही. तो वेळ मिळवण्यासाठी मी झोप देऊन टाकत होते. तुमच्यापैकी किती जणींचा हा पाऊण तास आहे, मला ठाऊक नाही. पण तो असेल, तर त्याची लाज बाळगू नका. फक्त तो दिवसाउजेडी मागून घेता येईल का, ते बघा.

आता या सगळ्याचा हृदयाशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होते. माझी धाकटी नणंद पुण्याला परिचारिका आहे. ती सुट्टीवर आली तेव्हा तिला गाठले. ती म्हणाली, "वहिनी, यातला एक मोठा अभ्यास तर आम्हा नर्सेसवरच झालाय!" तिने समजावून सांगितले ते असे. अमेरिकेत १९८६ साली ४५ ते ६५ वयाच्या ७१,६१७ परिचारिकांना ‘रोज किती तास झोपता’ असे विचारून ठेवले. तेव्हा त्यांच्यापैकी कुणालाही हृदयविकार नव्हता. पुढे दहा वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. आठ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका ४५ टक्के जास्त दिसला. वजन, धूम्रपान, घोरणे अशा गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरचा हा आकडा.

४५ टक्के म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. तेव्हा नणंदेने सांगितले, शंभरातल्या पंचेचाळीस जणी असा याचा अर्थ नाही. त्या सगळ्या परिचारिकांत दहा वर्षांत ९३४ जणींना हृदयविकाराचा झटका आला किंवा त्याने मृत्यू आला, म्हणजे हजारात साधारण तेरा. ढोबळ मानाने असे समजा, की जिथे तेरा जणी आजारी पडायच्या, तिथे एकोणीस पडतील. ज्या सहा वाढल्या त्यांत आपण आहोत की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. घाबरून जाण्याइतका हा आकडा मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही.

अशा अभ्यासातून ‘कमी झोपेमुळेच झाले’ असे शंभर टक्के सिद्ध होत नाही, हेही तिने सांगितले. कमी झोपणारीच्या मागे काळजी असते, कष्ट असतात, पैशाची ओढाताण असते. पण वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमधून तेच पुन्हा पुन्हा दिसले आहे. २०११ मध्ये अशा १५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसांची. त्यातही कमी झोप आणि हृदयविकार ही जोडी सुटली नाही. अमेरिकेच्या हृदयरोगविषयक संघटनेने २०१० साली हृदय नीट ठेवण्यासाठी सात गोष्टी सांगितल्या होत्या. २०२२ मध्ये त्यात आठवी घातली, ती म्हणजे झोप. मोठ्या माणसाने सात ते नऊ तास झोपावे, असे त्यांचे सांगणे.

शरीरात काय घडते, ते डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला सांगितले. आपण गाढ झोपलो की नाडी मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या मानाने दहा ते वीस टक्के खाली येतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच उसंत. दिवसभर ओढलेला बैल रात्री जू उतरवून बांधतात, तसे ते. आपण उशिरा निजून पहाटे घाईने उठलो की जू मानेवरच राहते. ताणाच्या वेळी अंगात पाझरणारी द्रव्ये कमी होत नाहीत, दाब चढा राहायला लागतो. भूक वाढते, तीही गोडाची आणि तळणाची. साखरेचेही तेच. शिकागो विद्यापीठात १९९९ साली अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री चार-चार तासच झोपू दिले, तर तेवढ्यात त्यांच्या शरीराचे साखर जिरवण्याचे काम बिघडले. तरुण मुलांचे आठवड्याच्या आत हे, तर आपण वर्षानुवर्षे भागवतो त्याचे काय!

आणि आईच्या थकव्याचा उलगडाही मला तेव्हाच झाला. झटका येऊन गेलेल्या ५१५ बायकांना अमेरिकेत विचारले होते, आधी काही जाणवत होते का? २००३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. शंभरात सुमारे ७१ जणींनी सांगितले, महिन्याहूनही आधीपासून विलक्षण थकवा होता. ४८ जणींनी सांगितले, झोप बिघडली होती. आणि प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी ४३ जणींना छातीत कळ आलीच नव्हती. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते.

त्या रविवारी जेवणे झाल्यावर मी घरात विषय काढला. रडले नाही, रागावले नाही. वर्गात फळ्यावर लिहावे तशी कागदावर दोन रकाने करून कामे लिहिली, रात्रीची आणि पहाटेची. म्हटले, "यातलं कोण काय घेतंय?"

पहिला प्रश्न नळाचा. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येते आणि ते पहाटे साडेचारला. नऊ वर्षे मी त्यासाठी उठते आहे. हे म्हणाले, "एक खेप मी उठतो, एक खेप तू." ठरल्याप्रमाणे मंगळवारी हे उठले. बादल्या भरल्या, हौदाला नळी लावली, हौद भरेपर्यंत तासभर पायरीवर पेंगत बसले. गुरुवारी माझी पाळी. शनिवारी पुन्हा हे. आणि सोमवारी संध्याकाळी हे प्लंबरला घेऊन घरी आले! त्याने हौदाच्या तोंडाशी बॉल कॉक बसवला. पाणी वर चढले की गोळा तरंगतो आणि नळ आपोआप बंद होतो. पिण्याच्या पाण्याला वेगळी लहान टाकी जोडली, तिलाही तसाच. नळ रात्रीच उघडा ठेवायचा आणि निजायचे. मजुरीसकट खर्च हजाराच्या आत.

मी त्या तरंगणाऱ्या गोळ्याकडे पाहत राहिले. हजार रुपयांची गोष्ट, आणि नऊ वर्षे कुणाच्या डोक्यात आली नाही. यांच्या नाही, आणि माझ्याही नाही. येणार कशी? अडचण कुणालाच नव्हती. मी उठत होते, पाणी भरले जात होते. बाईच्या झोपेला पैसे पडत नाहीत, मग ती वाचवायला कोण पैसे खर्च करणार? दोन पहाटा यांची झोपमोड झाली आणि तिसऱ्या दिवशी उपाय सापडला. यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. आपण निमूटपणे सोसले तर दुसऱ्याला ती अडचण आहे हेच कळत नाही, एवढेच सांगते.

बाकीचे हळूहळू लागी लागले. भाज्या संध्याकाळीच निवडून, चिरून ठेवते. आठवड्यातून दोन दिवस डब्याला पोळीबरोबर उसळ आणि कोरडी चटणी, त्यावर चिरंजीवांनी पहिले पंधरा दिवस तोंड वाकडे केले. मुलगा-मुलगी आपापल्या गणवेशाला इस्त्री करतात. एकदा शर्टाला पिवळा डाग पडला, तो शर्ट तसाच आठवडाभर घातला गेला, आकाश काही कोसळले नाही. उत्तरपत्रिका मी शाळेतच मोकळ्या तासाला तपासते. मोबाईल दहाला स्वयंपाकघरात ठेवून देते आणि माझा तो पाऊण तास संध्याकाळी फिरायला जाण्यासाठी मागून घेतला आहे.

सासूबाईंचे मात्र अवघड गेले. "आमच्या वेळी दळणसुद्धा घरी होतं," एवढे म्हणाल्या आणि तीन दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या. मी वाद घातला नाही. त्यांनाही चाळिशीपासून रक्तदाब आहे, त्या कधी आणि किती झोपल्या हे त्यांना कुणी विचारले असेल असे वाटत नाही. चौथ्या रात्री मी दही विरजायला गेले तर पातेल्यावर झाकण होते. आतून आवाज आला, "विरजलंय मी. नीज आता." तेव्हापासून दही त्यांचे.

तीन महिन्यांनी रक्तदाब मोजला, १३० वर ८४. डॉक्टरीणबाईंनी गोळी नको म्हटले. सगळे श्रेय झोपेचे असे मी म्हणणार नाही. लोणचे-पापड कमी केले होते, चालत होते. पण सकाळी उठल्यावर डोके जड नसते, वर्गात मुलींवर वसकन ओरडत नाही, हा फरक मला आणि त्यांनाही दिसतो. गणपतीत आणि परीक्षेच्या दिवसांत माझा आकडा अजून साडेपाचवर घसरतो. मग तो तसाच लिहून ठेवते. रविवारी जास्त झोपून आठवड्याची सगळी उधारी फिटत नाही, हेही आता कळले आहे.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. आधी पंधरा दिवस आपली झोप लिहून काढा. लिहिल्याशिवाय आपलाच विश्वास बसत नाही. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. पाचनंतर चहा-कॉफी नको, रात्रीचे जेवण निजण्याच्या दोन तास आधी. दुपारी डुलकी काढलीत तर वीस-पंचवीस मिनिटांची, तीनच्या आत. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर सलग सात तास मागणे ही थट्टाच होईल, पण एक रात्र कुणी तरी दुसऱ्याने उठावे, एवढे नक्की मागा.

अंथरुणावर पडूनही झोप येत नसेल, आठवड्यातून तीन-चार रात्री असे दोन-तीन महिने चालले असेल, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर औषधाशिवायचे उपचारही आहेत. शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नका. पाळी जाण्याच्या वयात रात्री अंग तापून, घामाने जाग येते, त्यावरही इलाज असतो. आणि उलट बाजूही ऐका. त्याच परिचारिकांच्या अभ्यासात नऊ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांनाही धोका ३८ टक्के जास्त दिसला. जास्त झोप बहुतेक वेळा दुसऱ्या कशाची तरी खूण असते, पंडुरोग, थायरॉइड, मनाची उदासी. नऊ तास झोपूनही थकवा जात नसेल तर ‘आळशी’ म्हणवून घेण्यापेक्षा तपासून घ्या.

घोरण्याचेही असेच. ‘काय गाढ झोपलेत’ असे आपण म्हणतो. पण मोठ्याने घोरता घोरता श्वास अडकतो, दचकून पुन्हा सुरू होतो, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो, असे घरात कुणाचे होत असेल तर ती गाढ झोप नव्हे. त्यानेही रक्तदाब चढतो. आमच्याकडे हे घोरतात. त्यांना तपासायला नेले, तेव्हा रुसले होते.

शेवटचे, आईच्या वतीने. कधी नव्हे असा थकवा, चढ चढताना दम, जबड्यात, पाठीत किंवा दंडात दुखणे, त्याबरोबर मळमळ आणि गार घाम, असे काही झाले तर ओवा चावत बसू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. पित्तच निघाले तर आनंदाने घरी या.

यंदाच्या संक्रांतीला पुन्हा हळदीकुंकू झाले. पुन्हा तीच बोली सुरू झाली, साडेपाच, पाच, साडेचार. माझी पाळी आल्यावर मी म्हटले, "साडेदहाला निजते, सहाला उठते." क्षणभर सगळ्या गप्प. मग एक जण म्हणाली, "नशीबवान आहेस बाई!" दुसरीने विषय बदलला. जरा अपमान झाल्यासारखे वाटले, हे कबूल करते.

निघताना मी दारात चपला शोधत होते. गेल्या वर्षी ‘पाच’ सांगणारी माझ्यामागून आली, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "काय गं, तो बॉल कॉक कुणाकडून बसवून घेतलास?"